खोटे व्हायरस-इशारे आणि अँटिव्हायरसचा भरवशाचा सल्ला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रीनभर लाल पान आलंय, एक बाई इंग्रजीत ओरडतेय आणि खाली फोन नंबर आहे. आत्ता काय करू?

आधी आवाज बंद करा. तुम्हाला सुचू न देणं हेच त्या आवाजाचं काम आहे. त्या पानावर कुठेही क्लिक करू नका, कोपऱ्यातल्या फुलीवरही नाही, कारण ती फुली बहुतेक वेळा नुसतं चित्र असते. मग एस्केप कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा. एकदा टिचकी मारून भागत नाही. ही पानं पूर्ण स्क्रीन व्यापताना कीबोर्डही ताब्यात मागून घेतात, त्यामुळे साधी टिचकी पानाकडे जाते. दाबून धरलेली एस्केप मात्र ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो.

पूर्ण स्क्रीन सुटली की वरच्या टॅब दिसतील, ती टॅब बंद करा. हटत नसेल तर ऑल्ट आणि एफ४ एकत्र दाबा. तेही चाललं नाही तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत क्रोम किंवा एज निवडा आणि ‘एंड टास्क’ म्हणा. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप. अगदीच काही जमेना तर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून कॉम्प्युटर बंद करा. सेव्ह न केलेलं काम जाईल, एवढंच. ‘बंद केलंत तर सगळा डेटा उडेल’ ही धमकी खोटी आहे.

पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘रिस्टोअर पेजेस’ विचारतो. तिथे हो म्हटलंत की तीच बाई परत येते. ब्राउझर न विचारताच जुन्या टॅब उघडत असेल तर वायफाय बंद करून तो उघडा: पान लोड होऊ शकत नाही, तेवढ्यात टॅब बंद करता येते.

पान गेलं. पण व्हायरस आत आला होता का?

पान नुसतं दिसलं, तुम्ही काही डाउनलोड करून चालवलं नाही, फोन केला नाही, तर जवळजवळ नेहमीच उत्तर ‘नाही’. वेबपान तुमची हार्ड डिस्क तपासूच शकत नाही. त्यावर धावणारी ‘स्कॅनिंग ६८ टक्के’ची पट्टी म्हणजे चालतं चित्र. तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव आणि ‘पणजी, गोवा’ लिहिलेलं बघून लोक घाबरतात. पण ते आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून) कोणत्याही साइटला कळतं, आणि बऱ्याचदा चुकतंही. डिचोलीत बसलेल्याला ते मुंबईही दाखवतं.

डाउनलोड्सचं फोल्डर उघडून त्या वेळेची अनोळखी फाइल आहे का ते बघा. असेल तर न उघडता डिलीट करा आणि मनाच्या समाधानासाठी विंडोज सिक्युरिटीतून एक फुल स्कॅन लावून जेवायला जा.

हे माझ्याकडेच का आलं?

तुम्हाला कोणी निवडलेलं नाही. जाहिरातींच्या जाळ्यातून ही पानं लाखोंच्या वाट्याला येतात. चवथीच्या आधी ‘आरती संग्रह पीडीएफ फुकट’ शोधताना, फुटबॉलचा सामना फुकट दाखवणाऱ्या साइटवर, साइटचा पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकल्यावर, किंवा शोधाच्या निकालात सगळ्यात वर असलेल्या ‘स्पॉन्सर्ड’ दुव्यावर क्लिक केल्यावर. ‘प्रिंटर ड्रायव्हर’ शोधताना तर हमखास. ड्रायव्हर नेहमी कंपनीच्या साइटवरूनच घ्या, तोही जाहिरातीचा दुवा टाळून.

ब्राउझर बंद असतानाही खाली उजव्या कोपऱ्यात ‘५ व्हायरस सापडले’ असं येतच राहतं. हा तर खराच व्हायरस ना?

नाही. कधीतरी एखाद्या साइटने ‘मी रोबो नाही हे सांगण्यासाठी अलाऊ दाबा’ म्हटलं आणि ते दाबलं गेलं. म्हणजे तुम्ही त्या साइटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिलीत. क्रोम किंवा एज मागे चालू राहतात, म्हणून खिडकी बंद असली तरी सूचना येतात. अँटिव्हायरसने कितीही स्कॅन केलं तरी त्या थांबत नाहीत, कारण सापडायला फाइलच नाही. ही तुम्हीच दिलेली परवानगी आहे. असे कॉम्प्युटर फॉरमॅटसाठी दुकानात जातात, हे खरं दुर्दैव.

ती सूचना नीट बघा. वर किंवा खाली बारीक अक्षरात ‘गूगल क्रोम’ आणि साइटचा विचित्र पत्ता दिसेल. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या वाटेने जा. परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसेल. अनोळखी असेल ती तीन टिंबांवरून ‘रिमूव्ह’ करा. वर एक पर्याय असतो: कोणत्याही साइटला विचारूच द्यायचं नाही. बहुतेकांनी तो निवडावा, काही बिघडत नाही. एजमध्येही सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन्स’ लिहिलं की हीच यादी मिळते. अँड्रॉइडवर क्रोमच्या तीन टिंबांतून सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज.

एजमध्ये २०२५ पासून ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ नावाची सोय आहे. पूर्ण स्क्रीन व्यापणारी खोटी पानं ओळखून ती अडवते. सेटिंग्जमध्ये हे नाव शोधून चालू आहे ना ते पाहा.

मग खरा इशारा कसा असतो?

कंटाळवाणा. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरला (विंडोजसोबतच येणाऱ्या अँटिव्हायरसला) काही सापडलं की कोपऱ्यात छोटी सूचना येते, बहुतेकदा ‘अडवलं’ किंवा ‘कारवाई केली’ अशी, काम झाल्यावर. आवाज नाही, उलटी मोजणी नाही, फोन नंबर नाही. मायक्रोसॉफ्टचं स्पष्ट म्हणणं आहे की त्यांच्या खऱ्या एरर आणि इशाऱ्यांत फोन नंबर कधीच नसतो. हा एक निकष लक्षात ठेवला तरी पुष्कळ झालं.

शंका आली तर सूचनेवर क्लिक करू नका. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ लिहून ते स्वतः उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. खरी घटना तिथे तारीख, वेळ आणि फाइलच्या जागेसकट नोंदलेली असते. तिथे काही नाही म्हणजे त्या सूचनेत दम नव्हता. दुसरा अँटिव्हायरस असेल तर त्याची खिडकी तशीच स्वतः उघडून बघायची.

खरा इशारा एकदा डोळ्यांखालून घालायचा असेल तर आयकार या संस्थेची त्याच नावाची चाचणी-फाइल आहे. ६८ बाइटची साधी मजकुराची फाइल, निरुपद्रवी. सगळे अँटिव्हायरस तिला ठरवून ‘व्हायरस’ म्हणतात. ती त्या संस्थेच्याच साइटवरून डाउनलोड करा आणि काय दिसतं ते घरच्यांनाही दाखवा.

मी त्या नंबरवर फोन केला. त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर हजारो एरर दाखवल्या. त्या तर खऱ्या होत्या!

खऱ्या होत्या, पण त्यांचा अर्थ खोटा सांगितला. ही टोळी काहीही बनावट न दाखवता, विंडोजमधलीच नेहमीची पानं उघडून घाबरवते.

पहिलं ‘इव्हेंट व्ह्यूअर’. ही विंडोजची रोजनिशी. कालच आणलेल्या लॅपटॉपमध्येही इथे लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण भरपूर असतात: एखादी सेवा उशिरा सुरू झाली, नेट क्षणभर गेलं. १००१६ क्रमांकाची नोंद तर जवळजवळ प्रत्येक मशीनवर असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मायक्रोसॉफ्टच सांगतं.

दुसरं, आदेश टाइप करायच्या काळ्या खिडकीतलं ‘नेटस्टॅट’. त्यात ‘फॉरेन ॲड्रेस’ नावाचा रकाना असतो. भामटा म्हणतो, बघा, परदेशी हॅकर जोडलेत. इथे फॉरेन म्हणजे पलीकडचा कॉम्प्युटर, मग तो कुठेही असो. तुमच्या मेलचा, व्हॉट्सॲपचा सर्व्हर.

तिसरा खेळ सगळ्यात चलाख. ‘तुमच्या लायसन्सचा क्रमांक आम्हाला माहीत आहे, पडताळून पाहा’ असं म्हणत ते ‘असॉक’ हा आदेश द्यायला लावतात. यादीच्या शेवटी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक येतो आणि तो त्यांनी वाचून दाखवलेल्याशी तंतोतंत जुळतो. जुळणारच. तो तुमचा नाही, विंडोजच्या एका अंतर्गत भागाचा आहे आणि सगळीकडे तोच असतो.

हे फोन फार लांबून येतात असंही नाही. गोव्यातच भाड्याच्या जागांत बसून परदेशी लोकांना फसवणाऱ्या बनावट कॉल सेंटरांवर पोलिसांनी छापे टाकले आहेत.

त्यांना एनीडेस्कवरून (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) कॉम्प्युटर दिला, आणि पैसेही गेले. आता?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी नेट तोडा: वायफाय बंद, केबल असेल तर उपटा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय थांबवा. बँकेचा नंबर पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गूगलवर शोधून नाही. तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. लगेच १९३० लावा. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक. पैसे खात्याखात्यांतून फिरत असताना ते वाटेत गोठवता येतात, म्हणून इथे तासांना किंमत आहे. उद्या सकाळी बघू म्हणू नका. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर तक्रार नोंदवा. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. जाताना व्यवहार क्रमांक, बँकेचा एसएमएस, त्यांचा फोन नंबर आणि स्क्रीनचे फोटो न्या. म्हणून तो कॉल-लॉग आणि चॅट डिलीट करू नका.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेल्या नियमाचं सार असं: ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

आता कॉम्प्युटर. सेटिंग्ज, ॲप्समध्ये जाऊन यादी तारखेनुसार लावा आणि त्या दिवशी आलेलं सगळं काढा: एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर. एकाहून जास्त टाकलेली असतात, एक काढलं तरी दुसरं उरावं म्हणून. विंडोज सिक्युरिटीतून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटांत होतो. त्यांनी बराच वेळ एकट्याने काम केलं असेल, मधेच स्क्रीन काळी केली असेल, तर आमचं मत सरळ आहे: कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा आणि विंडोज नव्याने टाका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून, सुरुवात ईमेलपासून.

आणि महिन्याभराने ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणून फोन येईल. तेच लोक, किंवा त्यांच्याकडून यादी विकत घेतलेले.

‘मी माणूस आहे’ सिद्ध करायला विंडोज + आर, मग कंट्रोल + व्ही, मग एंटर दाबा असं एक पान सांगतंय.

दाबू नका. हा २०२४ पासून फोफावलेला आणि लाल पानापेक्षा कितीतरी घातक प्रकार आहे. त्या पानाने गुपचूप एक आदेश तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे) ठेवलेला असतो. तुम्ही ‘रन’ची खिडकी उघडून तो पेस्ट करता आणि स्वतःच्या हाताने चालवता. ब्राउझरची सगळी संरक्षणं अशी बाजूला पडतात. येतो तो बहुतेकदा साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (पासवर्डशिवाय साइट तुम्हाला ओळखते त्या खुणा) चोरणारा प्रोग्राम. काही मिनिटांत काम करून पसारही होतो. केलं असेल तर वरच्यासारखंच: नेट तोडा, ऑफलाइन स्कॅन, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, आणि प्रत्येक खात्यात ‘सगळ्या ठिकाणांहून साइन आउट’ करा. नुसता पासवर्ड बदलून चोरलेली कुकी मरेलच असं नाही.

मोबाइलवर ‘सिमला ४ व्हायरस, आत्ताच ॲप टाका’ असं आलं.

जाहिरात. टॅब बंद करा, नोटिफिकेशनची यादी बघा. फोनचा खरा धोका दुसरीकडे आहे: व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल. ‘आरटीओ चलान’, ‘आज रात्री वीज तोडणार’, ‘लग्नाची पत्रिका’ अशी नावं असतात, कधी ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. ती टाकली की ॲप एसएमएस वाचायची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं, आणि ओटीपी परस्पर पळतात. सरकारी खातं चलान एपीकेने पाठवत नाही.

टाकली असेल तर एअरप्लेन मोड, दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०. मग सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर टाकलेली ॲप्स बंद ठेवून फोन सुरू करून, ते ॲप काढा (पॉवरचा मेनू आणून ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनवर हा पर्याय येतो). ‘अनइन्स्टॉल’ करडं दिसलं तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून आधी त्याचा तो अधिकार काढा. फॅक्टरी रीसेट केलेलं बरं. फोनसाठी वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्यापेक्षा प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा आणि ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल’ची परवानगी व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिघांचीही काढून घ्या.

आयफोनवर असे इशारे कॅलेंडरमध्ये घुसतात. ते अनोळखी कॅलेंडर अनसबस्क्राइब केलं की गेले.

‘तुमचा अँटिव्हायरस रिन्यू झाला, पैसे कापले, रद्द करायला फोन करा’ असा मेल आलाय.

बँकेचं खातं बघा. कापले नसतील तर मेल डिलीट करा.

डिफेंडर पुरतो का, की विकत घ्यावा?

घरच्या वापराला पुरतो. विंडोज ८ पासून तो विंडोजमध्येच आहे आणि आता स्वतंत्र चाचण्यांत पैसे देऊन घेतलेल्यांच्या बरोबरीने टिकतो. विकतच्या पॅकेजमध्ये जादा मिळतं ते मुलांवर लक्ष, व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर असलं काही; ते हवं असेल तर जरूर घ्या. डिफेंडर असताना एक गोष्ट मात्र मुद्दाम चालू करा: ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मधल्या ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय.

जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर अँटिव्हायरसपेक्षा तो मोठा प्रश्न आहे. त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केल्यास घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या. डिफेंडरला व्हायरसची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहील, पण विंडोजमधलं भोक न बुजवता दारावर राखणदार बसवण्यासारखं ते होईल.

सल्ला कोणाचा ऐकायचा? प्रत्येक जण वेगळंच नाव सांगतो.

सांगणाऱ्याला त्यातून काय मिळतं ते आधी पाहा. ‘सर्वोत्तम १० अँटिव्हायरस’च्या बहुतेक याद्यांत प्रत्येक दुव्यामागे कमिशन असतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलंही असतं. पहिल्या क्रमांकावर ‘८० टक्के सूट, फक्त आज’ असेल तर ती यादी नाही, दुकान आहे.

चाचणी करणाऱ्या तीन संस्था लक्षात ठेवा: जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्हज, ब्रिटनची एसई लॅब्ज. तिघांचे निकाल फुकट वाचता येतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६, असे १८ गुण देते. ९९.६ आणि ९९.९ टक्क्यांतला फरक पुढच्या चाचणीत उलटू शकतो, त्यावर पैसे लावू नका. बघायचं ते सलग तीन-चार निकालांतलं सातत्य. दुसरं, खोट्या धोक्यांची संख्या. चांगल्या फाइलींना वारंवार व्हायरस म्हणणारा अँटिव्हायरस माणसाला प्रत्येक इशारा झटकायला शिकवतो. तिसरं, वेगाची चाचणी. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीच सगळ्यात जाणवते.

गुणांत न दिसणारी गोष्ट म्हणजे कंपनीची वागणूक. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली, ती २०२० मध्ये बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. चाचण्यांत तेव्हाही तिचे गुण उत्तमच होते.

आपल्याकडचा विसरला जाणारा पत्ता म्हणजे सायबर स्वच्छता केंद्र. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेलं. साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात, त्यांत पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. दुसरं मत घ्यायला मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्तीही चालते. सेफ्टी स्कॅनर दहा दिवसांनी जुना होतो, दर वेळी नव्याने डाउनलोड करावा लागतो.

दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण ना?

नाही. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मधे हात घालतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. सतत पहारा देणारा एकच ठेवा. लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल संपला असेल तर काढून टाका, डिफेंडर आपोआप जागा होतो. नीट निघत नसेल तर त्याच कंपनीचं काढून टाकायचं साधन मिळतं.

एका फाइलचा संशय आहे. कुठे दाखवू?

व्हायरसटोटल या साइटवर, ७० च्या आसपास अँटिव्हायरस इंजिनं ती तपासतात. एक-दोन अनोळखी नावांनीच लाल दाखवलं तर बहुधा चूक, नामवंत आठ-दहांनी दाखवलं तर फाइल वाईट. शून्य आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कालच तयार झालेला व्हायरस कोणालाच माहीत नसतो. आधार, पॅन, घराची कागदपत्रं तिथे चढवू नका, त्या फाइली संशोधकांना मिळतात.

मुलं परदेशात, आई-बाबा गावात एकटे. लांबून काय करता येईल?

पुढच्या सुट्टीत आलात की अर्धा तास काढा. त्यांच्या ब्राउझरमधली नोटिफिकेशन्स सरसकट बंद, यूब्लॉक ओरिजिन लाइटसारखा जाहिराती अडवणारा एक्स्टेन्शन, आणि त्यांचं विंडोज खातं ‘स्टँडर्ड’. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. एस्केप दाबून धरण्याची एकदा तालीम करून घ्या. आणि कीबोर्डजवळ मराठीत एक चिठ्ठी: आवाज बंद, कॉम्प्युटर बंद, मग आम्हाला फोन. वेळेच्या फरकाची भीड धरू नका हेही त्यांना सांगा. लिस्बनला पहाट असेल म्हणून थांबतात, आणि भामटा मात्र थांबत नाही.

दुकानदार म्हणतो फॉरमॅटशिवाय गत्यंतर नाही.

कशावरून, ते विचारा. स्कॅनमध्ये कोणतं नाव सापडलं, कोणत्या फाइलमध्ये? उत्तर नसेल तर आधी नोटिफिकेशनची यादी साफ करून बघा. खरंच फॉरमॅट करायचं तर डेटा स्वतः बाहेर काढा आणि बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना हे आधीच तपासा, नाहीतर ड्राइव्ह कायमचा कुलूपबंद राहू शकतो. लॅपटॉप परत आल्यावर दोन जागा उघडा. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’: लायसन्स खरं आहे का? आणि विंडोज सिक्युरिटीत ‘मॅनेज सेटिंग्ज’च्या तळाशी ‘एक्स्क्लुजन्स’. ती यादी रिकामी हवी. तिथे एखादं फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला तर बहुधा विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करणारं क्रॅक आत बसलंय आणि त्याच्यासाठी डिफेंडरला तेवढ्यापुरतं आंधळं केलंय. लॅपटॉप तसाच परत द्या आणि बिलावर लिहिलेलं खरं विंडोज मागा.